जीबीएसच्या त्या फॉरवर्डमधला सगळ्यात घातक मुद्दा

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपायांची ताकद जाणारा आजार) पेशंट अचानक वाढले, तेव्हाचा मेसेज अजून फिरतोय. त्यात म्हटलंय, नवीन व्हायरस आहे, एकाचा दुसऱ्याला होतो, चिकन बंद करा, पाय गेले की माणूस कायमचा लुळा, आणि ऑक्सिजन 95 च्या वर असेल तर घरीच थांबा. मी फिजिओ आहे, असे पेशंट सांभाळलेत, म्हणून लिहितेय.

नवीन कसला, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी 1916 मध्येच तो लिहून ठेवलाय, आणि जगभर वर्षाला लाखात एक-दोघांना होतोच. व्हायरसही नाही. आधी जुलाब किंवा सर्दीताप होतो, मग काही दिवसांनी आपलीच इम्युनिटी चुकून नसांवर उलटते, कारण जुलाब करणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूच्या आवरणातला काही भाग आणि आपल्या नसांवरचा भाग सारखाच असतो. जुलाबाचा जंतू पसरतो, जीबीएस नाही. पेशंटच्या बायकोला सोसायटीतल्या बायका लांबून बोलायच्या हे मी पाहिलंय, फार वाईट वाटतं.

चिकनचं अर्धं खरं. कॅम्पायलोबॅक्टर कच्च्या चिकनमध्ये असू शकतो आणि पुण्यातल्या पेशंटच्या नमुन्यांत तो सापडला होता, पण संशय पाण्यावरही होता. नीट शिजवलेलं खा, फक्त कच्चं चिकन कापलेल्या बोर्डवर काकडी चिरू नका आणि पाणी उकळून प्या.

कायमचा लुळा? नाही हो, बहुतेक जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात, वेळ लागतो एवढंच.

आता तो ऑक्सिजनचा मुद्दा, जो वाचून मला खरंच भीती वाटली. जीबीएसमध्ये फुफ्फुस चांगलं असतं, श्वास ओढणारे स्नायू दमतात, आणि ऑक्सिमीटरवर आकडा पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. आम्ही पेशंटला एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावतो. एक काका सकाळी 26 पर्यंत गेले, दुपारी 17, संध्याकाळी 9 वरच थांबले, मान उशीवरून उचलता येईना, आणि बोटावर तेव्हाही 97 होतं. त्याच रात्री व्हेंटिलेटर लागला. साधारण चारातल्या एकाला लागतो.

त्यामुळे दोन्ही पायांना मुंग्या येऊन ताकद कमी होत वर सरकतेय, जिना चढवत नाही, घास गिळताना ठसका लागतोय, तर आकडा बघत बसू नका, आयसीयू असलेल्या हॉस्पिटलला त्याच दिवशी जा. आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं पहिल्या दोन आठवड्यांत जास्त उपयोगी पडतं, आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हा बरा होत नाही, कुणी दिल्या तरी त्यावर थांबू नका.