‘घरनी गोट घरमा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या गटांत फिरणारा एक मेसेज मावसबहिणीने पाठवला. खाली तिचा प्रश्न, “हे खरंय का?” मेसेजचा मतलब असा: घरातल्याच माणसावर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागला तर घरनी गोट घरमा, म्हणजे घरची गोष्ट घरातच, मिटवा. आईने पाचशेच्या स्टॅम्पवर तडजोड लिहून द्यावी, मुलीने कोर्टात ‘काही झालं नाही’ म्हणावं, केस संपते. घरच्यांनी समजावणं हा गुन्हा नाही. आणि साक्षीदाराला संरक्षण मुंबईतल्या मोठ्या लोकांनाच मिळतं.

खरं नाही. आणि हे वाचून एखादी आई सही करून बसेल, याचीच धास्ती वाटते.

स्टॅम्पचं आधी उरकू. राजस्थानातल्या एका प्रकरणात मुलीच्या बापाने शिक्षकाशी तडजोड लिहून दिली, हायकोर्टाने गुन्हा रद्दही केला. सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तो निकाल फिरवला. पोक्सोचा गुन्हा आईबापाच्या सहीने मिटत नाही.

मुलगी फितूर झाली की आरोपी बऱ्याचदा सुटतो, हे मात्र नाइलाजाने मान्य करते. घरातल्या गुन्ह्यात तक्रार उशिरा होते, वैद्यकीय पुरावा हाती लागत नाही, सगळा भार मुलीच्या साक्षीवर येतो. म्हणून तर दबाव तिच्यावरच येतो. पण ‘केस संपते’ हे चूक. गुजरातमधल्या नऊ वर्षांच्या मुलीने कोर्टात साक्ष फिरवली होती, तरी इतर पुराव्यांवर दिलेली शिक्षा सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये कायम ठेवली.

‘समजावणं गुन्हा नाही’ हे वाक्य सगळ्यात घातक. समजावणं म्हणजे काय, ते बघा. साक्षीचं समन्स निघतं आणि आठ दिवस आधी फोन सुरू होतात. आत्या येते: “तुझ्यामुळे मोठीची सोयरीक मोडंल.” काका आईला सांगतो, किराणा बंद. मुलीला सुरतेला नातेवाइकांकडे धाडतात, आणि समन्स ‘पत्त्यावर मिळून आली नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. नुसतं “सांभाळून घे” म्हणणं कलमात बसत नाही, कबूल. पण खोटी साक्ष द्यावी म्हणून तिच्या जिवाची, अब्रूची, मालमत्तेची किंवा तिच्या जवळच्या माणसाच्या जिवाची-अब्रूची धमकी दिली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २३२ लागतं. सात वर्षांपर्यंत कैद. धमकी देणारा सख्खा मामा असला तरी कलम तेच. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वेगळा आहेच.

फोन आला की तारीख, वेळ आणि बोललेले शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. रेकॉर्डिंग असेल तर पुढे पाठवून मूळ पुसू नका, मूळ मोबाइल जपा. कोर्टात रेकॉर्डिंगला प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याशिवाय बचाव पक्ष हरकत घेतो. दबावाच्या तक्रारीचा अर्ज लिहा; त्याची एक प्रत तपासी अंमलदाराला, एक सरकारी वकिलाला द्या आणि पोच घ्या. आरोपी जामिनावर असेल आणि दबाव त्याचाच असेल, तर जामीन रद्द करण्याचा अर्ज होतो. त्यासाठी जामिनाच्या आदेशातल्या अटी माहीत हव्यात. त्या आदेशाची प्रत दोन दिवसांत तक्रारदाराला द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये सांगितलंय. मिळाली नसेल तर मागा.

आता ‘संरक्षण मोठ्यांनाच’. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी ५ डिसेंबरला देशभर लागू केली. जळगाव, धुळे, नंदुरबार, प्रत्येक जिल्ह्यात समिती: अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सोबत जिल्ह्याचे पोलीस प्रमुख आणि सरकारी वकिलांचे प्रमुख. अर्ज या शेवटच्यांकडे द्यायचा. पोलीस उपअधीक्षक पाच कामकाजी दिवसांत धोक्याचा अहवाल देतात, अहवाल आल्यावर पुढच्या पाच दिवसांत निर्णय. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत, म्हणून मुदत संपायच्या आधीच पुन्हा अर्ज करा. जिवाला धोका नसून नुसता छळ, धाकदपटशा असला तरी योजनेत ‘क’ वर्ग आहे. अर्जात ‘संरक्षण द्या’ एवढंच लिहिलं तर उपयोग होत नाही. काय हवं ते लिहा: फोन नंबर बदलून, तात्पुरती राहायची सोय, कोर्टात ने-आण.

आरोपी त्याच घरात राहत असेल, तर पोलिसांनी २४ तासांत मुलीला बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. समिती सहाय्यक व्यक्तीही देते, म्हणजे केस चालू असताना मुलीला साथ देणारं माणूस. ती मागा, कारण आई स्वतःच दबावाखाली असली तर मुलीकडे दुसरं कुणी उरत नाही. काहीच सुचलं नाही तर १०९८ लावा.

केस रखडते, हे खरंच आहे. पोक्सोचं कलम ३५ मुलीची साक्ष ३० दिवसांत घ्यायला सांगतं, तसं दर वेळी होत नाही. सरकारी वकिलांना भेटून मुलीची साक्ष सगळ्यांत आधी घ्यायची लेखी विनंती करा. साक्षीच्या वेळी मुलीला आरोपी दिसू नये, पडदा किंवा व्हिडिओची सोय असावी, हे कलम ३६ सांगतं. आणि तारखेला तिला आरोपीकडच्या कुणाच्या गाडीतून येऊ देऊ नका. अमळनेर ते जळगाव एवढ्या रस्त्यातही साक्ष फिरते.