तलवार राहू द्या, झाडू काढा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) सारख्या भूमिका-खेळांच्या ऑर्गनाइज्ड प्लेमध्ये, म्हणजे एकच कॅरेक्टर (पात्र) घेऊन समान नियमांनी वेगवेगळ्या टेबलांवर खेळताना, जादूच्या कोणत्या वस्तू चालू द्यायच्या, हा वाद निघाला की लगेच रॅरिटीचा, म्हणजे दुर्मिळपणाचा, तक्ता पुढे येतो. अनकॉमन चालेल, रेअर बघू, व्हेरी रेअर वरच्या टियरला (कॅरेक्टरच्या लेव्हल्सच्या वरच्या गटाला), लेजेंडरीचं नावच काढू नका. माझं स्पष्ट मत आहे की हा तक्ता या कामासाठी निरुपयोगी आहे. वस्तू किती दुर्मिळ आहे हे तो सांगतो. ती टेबलावर बसलेल्या इतरांचं काय करते, हे सांगत नाही. आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं.

घरच्या कॅम्पेनमध्ये (लांब चालणाऱ्या कथेत) डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, तोच असतो, खेळाडूही तेच असतात. एखादी वस्तू डोईजड झाली तर चहा पिता पिता बोलून मिटवता येतं. अ‍ॅडव्हेंचरर्स लीग किंवा पाथफाइंडर सोसायटीत (पहिला डी अँड डीचा, दुसरा पाथफाइंडर या तशाच खेळाचा ऑर्गनाइज्ड प्ले) ती सोय नाही. तुमचं कॅरेक्टर आज या टेबलावर, उद्या भलत्याच. डीएम तुम्हाला पहिल्यांदाच बघतोय, त्याच्या हातात छापील मॉड्यूल (तयार साहसकथा) आहे, वेळ दोन ते चार तासांची, आणि बाकीचे पाच जण अनोळखी. तुमच्या कॅरेक्टरच्या शीटवरची वस्तू या सगळ्यांच्या संध्याकाळीत शिरते. म्हणून मी कुठल्याही वस्तूबद्दल एवढंच विचारतो: ही बाहेर काढल्यावर बाकीच्यांना करायला काही उरतं का?

फ्लेम टंग ही तलवार घ्या. रेअर आहे, अट्यूनमेंट (वस्तूशी आधी जुळवून घेणं) लागतं, पेटवली की प्रत्येक घावाला 2डी6, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांइतकं, जास्तीचं आगीचं डॅमेज. खालच्या टियरला ही नकोच, असं म्हणणारे बरेच भेटतात. अहो, पण ती करते काय? फायटर (लढवय्या) जे करतो तेच, जरा जोरात. राक्षस एक राउंड आधी पडेल. विझार्डचा (जादूगाराचा), रोगचा (चपळ चोराचा), क्लेरिकचा (जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याचा) टर्न जिथल्या तिथे राहतो.

आता ब्रूम ऑफ फ्लाइंग, म्हणजे उडणारी झाडू, बघा. अनकॉमन! 2014च्या नियमपुस्तकात तिला अट्यूनमेंटही लागत नाही. पहिल्या ते चौथ्या लेव्हलचं मॉड्यूल उभं असतं दरी, भिंत, नदी, उंचावरचे तिरंदाज यांवर. झाडूवर बसलेला एक जण हे सगळं ओलांडतो आणि दोर घेऊन आलेला रोग, ताकद लावायला आतुर झालेला बार्बेरियन नुसते बघत बसतात. डीएमला दोष देऊ नका. लेखकाने त्या लेव्हलला उडणारं कॅरेक्टर गृहीतच धरलेलं नसतं आणि मॉड्यूल जागेवर नव्याने लिहिणं त्याच्याकडून अपेक्षितही नसतं. म्हणून झाडू पहिल्या टियरला बंद हवी. पाचव्या लेव्हलला फ्लाय स्पेल (उडण्याचा मंत्र) हाताशी येतोच, तेव्हा खुशाल उडा.

वेपन ऑफ वॉर्निंगबद्दल माझं मत याहून कडक आहे. तीही अनकॉमनच. 2014च्या नियमांप्रमाणे ते शस्त्र जवळ असलं की तुम्ही आणि 30 फुटांतले तुमचे साथीदार अचानक हल्ल्यात गाफील सापडूच शकत नाही. सगळ्यांच्या फायद्याची वस्तू वाटते ना? पण पर्सेप्शन (चाहूल घेण्याचं कौशल्य) वाढवून, पहारा देत पुढे चालणाऱ्या रेंजरला विचारा. त्याने कॅरेक्टर ज्यासाठी बांधलं तेच काम एका शस्त्राने फुकटात करून टाकलं.

वेळेचा हिशोब तर कोणी मांडतच नाही. 2014च्या नियमांप्रमाणे चांदीचं हॉर्न ऑफ वल्हाला हे जादूचं शिंग फुंकलं की 2डी4+2, म्हणजे चार ते दहा बर्सर्कर (बेभान लढवय्ये) हजर. सहा खेळाडूंच्या टेबलावर आणखी दहा जणांच्या हालचाली, दहा जणांचे फासे! शेवटची लढाई तिथेच अडकते आणि शेवटचा प्रसंग डीएमला दोन वाक्यांत गुंडाळावा लागतो. ताकदीच्या दृष्टीने हॉर्नमध्ये काही गैर नाही. चार तासांच्या बैठकीत मात्र त्याला जागा नाही.

डेक ऑफ मेनी थिंग्ज, म्हणजे ओढलेल्या पत्त्याप्रमाणे नशीब पालटणारे जादूचे पत्ते, कुठल्याच टियरला नको, यावर फारसं दुमत नसावं. थ्रोन कार्ड आलं आणि किल्ला मिळाला, तर पुढच्या टेबलावरचा डीएम तो किल्ला कुठून आणणार?

मात्र बंदी घालायच्या उत्साहात लोक इम्मूव्हेबल रॉड (न हलणारा दांडा) आणि डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर (न संपणाऱ्या पाण्याची सुरई) यांवरही घसरतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. बटण दाबलं की रॉड हवेत जागच्या जागी थांबतो आणि 8,000 पौंड पेलतो. बस, एवढंच. त्याचं काय करायचं ते टेबलाने ठरवायचं. एक म्हणतो दाराला अडसर लावू, दुसरा म्हणतो दोर बांधू, तिसऱ्याला तो राक्षसाच्या जबड्यात उभा करायचा असतो. गप्प बसलेला नवखा खेळाडू अशाच वेळी पहिल्यांदा तोंड उघडतो. अशा वस्तू पहिल्या टियरपासून मोकळेपणाने द्यायला हव्यात.

पाथफाइंडर सोसायटीच्या पहिल्या आवृत्तीतली क्युअर लाइट वुंड्सची वँड (जखमा भरणारी कांडी) मला याच कारणासाठी आदर्श वाटते. 50 चार्जेस (तितक्या वेळा वापर), किंमत 750 गोल्ड, किंवा दोन प्रेस्टिज पॉइंट्स (सोसायटीत खेळून मिळणारे गुण). जाणते खेळाडू ती सगळ्यात आधी घेत आणि गरज पडली की क्लेरिकच्या हातात देत: माझ्या जखमा माझ्या वँडने भर, तुझे स्पेल तुला ठेव. वस्तूच्या निवडीतून टेबलावर सभ्यता येते ती अशी.

आणि वाटपाचं काय? अ‍ॅडव्हेंचरर्स लीगच्या सुरुवातीच्या सीझन्समध्ये एका वस्तूवर दोघांनी हक्क सांगितला, तर ज्याच्याकडे कायमस्वरूपी वस्तू कमी त्याला ती मिळायची. हेतू चांगला होता. परिणाम असा की पुढे काहीतरी मोठं मिळेल म्हणून लोक छोट्या, गमतीच्या वस्तू नाकारू लागले. 2018 मध्ये आठव्या सीझनला ट्रेझर पॉइंट्स आले आणि ड्रॅगनच्या गुहेत सापडलेली ढाल पॉइंट्स मोजून घ्यायची वेळ आली. गुहेचा थरारच गेला. त्यानंतरची पद्धत मला पटते: सापडलेली वस्तू टेबलावरच्या प्रत्येकाला घेता येते, आणि सोबत किती बाळगायच्या याला टियरप्रमाणे मर्यादा. भांडण संपतं, हाव आवरते. यात माझा एकच आग्रह: गमतीच्या कॉमन वस्तू त्या मर्यादेत कधीच मोजू नका.

राहिला प्रश्न ज्यांच्याकडे झाडू आधीपासून आहे त्यांचा. त्यांनी ती नियमात राहून, खेळून मिळवली आहे, तेव्हा हिसकावून घेणं अन्यायाचं होईल. पाचव्या लेव्हलपर्यंत ती शीटवर राहू द्या, पण वापरता येणार नाही असं ठरवा. नाहीतर त्याच रॅरिटीची दुसरी वस्तू निवडायची मुभा द्या. माझ्या टेबलावर कोणी विचारलं तर मी रॉड सुचवेन.