गोलघुमटात कोल्हापूरकर

कोल्हापूरकराला हळू बोलता येत नाही. यात त्याचा दोष नाही. माडीवरनं मारलेली हाक तालमीपर्यंत पोचली पाहिजे, या हिशेबानंच आमचे गळे घडलेत. अशा गळ्यांची जीप भरून विजापूरच्या गोलघुमटात कुजबूज ऐकायला नेणं म्हणजे पैलवानाला सुईत दोरा ओवायला बसवणं. तरी दर सुट्टीत कुणीतरी हा बेत काढतंच, आणि वाटाड्या म्हणून मलाच पुढं घालतात.

सांगली-मिरज-जत मार्गे अंतर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं ठरलं की आम्ही साडेसहाला निघतो. मिरजेत चहा, जतला पुन्हा चहा, कारण मिरजेतला 'पाणचट होता'. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं, आणि इथंच सहल फसते. घुमट सकाळी उघडल्या उघडल्या गाठायचा, त्यासाठी आदल्या रात्री विजापुरात मुक्काम करायचा. शाळांच्या सहली आत शिरल्या की वर पन्नास पोरं एकदम 'हूऽऽ' करतात. मग शेजारचा काही बोलतोय हे त्याच्या ओठांवरनंच ओळखावं लागतं.

चार कोपऱ्यांत चार अष्टकोनी मनोरे, प्रत्येक सात मजली. जिना मनोऱ्याच्या आत, अरुंद आणि अंधारा. पायऱ्या उंच, त्यात वरून उतरणारा आणि खालून चढणारा एकाच वळणावर भेटतात आणि दोघंही 'तुम्ही या की' म्हणत अडकून बसतात. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी खाली थांबावं. पिशव्या त्यांच्याकडंच द्याव्यात, म्हणजे त्यांना आपण कामाला आलो असं वाटतं. खालीही बघायला कमी नाही. सुमारे १,७०० चौरस मीटरचं दालन आणि मध्ये एक खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा घेर आवळत आणलाय आणि त्यावर घुमट बसवलाय. घरचा स्लॅब टाकताना दर दहा फुटाला कॉलम मागणारे आमचे मामा इथं मान वर करून उभे राहतात. त्यांना जेवायलाच हलवावं लागतं. हा घुमट बांधून घेणाऱ्या, १६५६ मध्ये गेलेल्या विजापूरच्या सुलतान मुहम्मद आदिलशहाची चौथऱ्यावर दिसते ती खुणेची कबर, खरी तळघरात आहे, हे त्यांना सांगून उपयोग नाही. ते खांब शोधत असतात.

जिना गच्चीवर निघतो. तिथून घुमटाच्या जाडजूड भिंतीतल्या बोळकांडीतनं आत शिरलं की गोल सज्जा. जमीन सुमारे ३३ मीटर खाली. समोरची बाजू ३७-३८ मीटर लांब. दोघांनी बरोबर समोरासमोर बसायचं, भिंतीला चिकटून. एकानं भिंतीकडं तोंड करून अगदी हळू बोलायचं, दुसऱ्यानं भिंतीला कान लावायचा. गोल भिंत आवाजाला पसरू देत नाही, तो भिंतीच्या कडेकडेनं सरकत समोर पोचतो. कागद चुरगळला तरी ऐकू येतो.

आमच्याकडं काय होतं? आण्णा एका टोकाला बसतात, भिंतीकडं पाठ करतात आणि मधल्या पोकळीत ओरडतात, "ऐकू येतंय काय रंऽऽ?" आता हिशेब बघा. आवाज समोर जाऊन परत यायला पाव सेकंदही लागत नाही. आण्णांचं वाक्य संपायला दोन सेकंद. म्हणजे वाक्याचं शेपूट बाहेर पडेपर्यंत डोकं आठ वेळा परत येऊन त्याच्यावर बसलेलं असतं. समोर पोचतो तो नुसता गलबला. म्हणून प्रतिध्वनी मोजायचा तर टाळी वाजवावी, तीही एकच, आणि गप बसावं. सात ते दहा वेळा ऐकू येते म्हणतात. दहापर्यंत गप बसलेला माणूस आमच्यात अजून निघालेला नाही.

शेवटी आण्णा खिशातनं मोबाईल काढतात आणि समोरच्याला फोन लावून विचारतात, "ऐकू आलं काय?" बाहेरनं ४४ मीटर व्यासाच्या घुमटाखाली, बांधणाऱ्याच्या डोक्यावर बसून.

खरा धोका वेगळाच आहे. ओरडणाऱ्याचं काही कळत नाही, पण दमून भिंतीला टेकलेल्या माणसाचं पुटपुटणं समोर लख्ख पोचतं. "धाकटीनं नुसती पर्स आणलीया, डबे सगळे माझ्या डोक्यावर", हे मोठ्या काकूंनी भिंतीला सांगितलं की धाकट्या काकूंना ते मानेमागनं ऐकू येतं. तेव्हा सज्जात जावा-जावांना समोरासमोर बसवू नये. शेजारी बसवावं. शेजारचीला तिथं काही ऐकू येत नाही.

बाकीचं विजापूर मग भराभर उरकतं. इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, खरं तर सगळ्यात देखणा, पण तिथं ओरडून उपयोग नसल्यानं आमची मंडळी दहा मिनिटांत बाहेर. मलिक-ए-मैदान तोफ ५५ टनांची, १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली. इंग्रजांच्या काळात लिलावात काढली तर बोली १५० रुपयांवर गेली नाही म्हणतात. मामा आजचा भंगाराचा भाव लावून हळहळतात.

बारा कमानीपाशी मात्र सगळे ताजेतवाने होतात. पन्हाळ्याच्या वेढ्याला १६६० मध्ये सिद्दी जौहरला धाडणारा दुसरा अली आदिलशहा इथंच पुरलाय. त्याच्या कबरीवरचं काम अर्धं राहिलं. कमानी उभ्या, वर आभाळ. "बरं झालं," असं आत्ती म्हणते, जणू कंत्राटदार तिनंच पळवून लावला होता.

जेवायला खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. झकास असतं. तरी कुणीतरी तांबडा रस्सा विचारतंच.

परतीला दोन्ही काकू जीपच्या दोन टोकांना. जतपर्यंत गाडीत चिडीचूप. मग आत्ती भडंगाची पिशवी सोडते आणि कांदा कुणी आणलाय का, असं हळूच विचारते. पुढच्या ट्रकचा क्लीनर खिडकीतनं मागं वळून बघतो.