आंदोलनाला जाताय? भांग पाडून जा

'आमचं कुणी ऐकूनच घेत नाही' ही तक्रार निदान पुण्यात तरी करू नका. जिल्हाधिकारी कचेरीच्या दारात तुम्ही बोलायला उभे राहता, तेव्हा तुमचे कार्यकर्ते मोबाईलमध्ये असतात आणि वार्ताहर चहाला गेलेले असतात. पण कडेला साध्या वेशातला एक गृहस्थ शब्दन् शब्द टिपून घेत असतो. पोलिसांच्या विशेष शाखेचा. त्याला ऐकू जाईल असं बोला आणि आडनाव नीट सांगा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक पुणेकराला लग्नपत्रिकेत खपत नाही, ती एफआयआरमध्ये कशी खपावी?

परवानगीच्या अर्जात किती माणसं येणार ते लिहावं लागतं. आकडा मोठा दिलात तर परवानगी नाही, लहान दिलात तर अट मोडली. खरा देण्याचा प्रयोग अजून कुणी केलेला दिसत नाही.

त्यातून मनाई आदेश असेल तर नीट वाचा, फार रसाळ असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७. शस्त्रं, दगड, काठ्या यांवर बंदी समजू शकते. पण याच कलमाखाली घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं, हातवारे करणं, सोंग आणणं यांवरही बंदी घालता येते. तेव्हा बोलताना हात खिशात ठेवा. (खिशात हात घातलेला माणूस संशयास्पद दिसतो, हा भाग वेगळा.) राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय जमावबंदी १५ दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून ती एकादशीसारखी पंधरवड्याला पुन्हा येऊ शकते. अशा वेळी जे काय बोलायचं ते चार लोकांत बोला. पाचवा आला की जमाव. पाचाहून जास्त जमायची हौसच असेल तर ढोल-ताशा घेऊन विसर्जन मिरवणुकीत शिरा. ती २४ तासांच्या वर चालली तरी चालते.

मंत्र्यांचा दौरा असला की आदल्या दिवशी घरी नोटीस येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची असायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची असते. मजकुराचा सूर तोच, तुमच्या हातून न घडलेल्या गुन्ह्याबद्दल काळजीचा. काळजी फारच वाटली तर गुन्ह्याआधीच अटक करणारं कलम १७० आहे, मग सकाळचा चहा ठाण्यात.

आता भांगाचं. २०१० साली जर्मन बेकरीत आणि २०१२ साली जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, त्यानंतर शहरात सीसीटीव्ही वाढले. वाढायलाच हवे होते. पण बॉम्ब ठेवणाऱ्यासाठी लावलेला कॅमेरा फलक धरणाऱ्यालाही तितकाच स्वच्छ टिपतो, आणि बालगंधर्व चौकात त्या दोघांत फरक करण्याचं काम कॅमेऱ्याचं नाही.

घाबरू मात्र नका. इंग्रजांच्या पोलिसांनी टिळकांच्या सभांची आणि गणपतीतल्या मेळ्यांची इमानेइतबारे टिपणं ठेवली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अशाच दप्तरांतून स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधनं खंडाखंडांनी छापली. तुमचं भाषणही कदाचित असंच टिकेल. तेव्हा ते पल्लेदार करा, कवितेची एखादी ओळ घाला. मागण्यांचं निवेदन दोन ओळींत आटपलं तरी हरकत नाही. ते आवक-जावकच्या टेबलावर जातं, त्यावर पोचेचा शिक्का बसतो. विशेष शाखेच्या त्या गृहस्थाची वही मात्र संध्याकाळच्या आत साहेबांपर्यंत पोचलेली असते.