टमरेल घेतलं का?

पासपोर्ट विसरलात तर फारसं बिघडत नाही. विमानतळाच्या दारातच जवान अडवतो, तुम्ही टॅक्सी करून घरी परत येता आणि दहा दिवसांची मंजूर झालेली रजा पंख्याखाली लोळत काढता. टमरेल विसरलात तर मात्र ते झुरिकला पोचल्यावर, दाराला आतून कडी घातल्यावर लक्षात येतं. म्हणून युरोपला निघणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव टमरेलाचं. पासपोर्ट दुसरा.

हे मी अधिकाराने सांगते आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये नवरा, मावशी आणि मी बेचाळीस जणांच्या एका सहलीतून दहा दिवसांत युरोप पाहून आलो. पाहून आलो म्हणजे, बॅगा उघडणं आणि बंद करणं यांच्या मधल्या वेळात जे दिसलं ते. तेव्हापासून नात्यात कुणी परदेशी निघालं की यादीसाठी मलाच फोन येतो. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा आता लिहूनच टाकते.

टमरेल प्लास्टिकचं, कान असलेलं आणि गडद रंगाचं घ्यावं. काही लोक स्वतःला सुधारलेले समजतात. ते टमरेल नेत नाहीत, अर्ध्या लिटरची रिकामी बाटली नेतात आणि तिच्या झाकणाला गरम सुईने तीन भोकं पाडतात. ती बाटली कशासाठी आहे हे कुणाला ओळखू येत नाही, अशी त्यांची समजूत असते. आमच्या बसमध्ये अशा बाटल्या ओळीने होत्या. हा मार्ग पत्करायचाच असेल तर त्या बाटलीला लाल रबरबँड लावून ठेवा, म्हणजे प्यायच्या बाटलीशी घोटाळा होणार नाही. दोन्ही बाटल्यांना मात्र लावू नका. हे मुद्दाम सांगावं लागतंय, कारण माझ्या नवऱ्याने लावले होते.

इटलीत गेलात की कमोडशेजारी आणखी एक बुटकं बेसिन दिसेल. १९७५ च्या एका सरकारी आदेशानुसार तिथे प्रत्येक घरात निदान एका बाथरूममध्ये ते असावंच लागतं. त्याला बिडे म्हणतात आणि ते ज्या कामासाठी आहे त्याच कामासाठी आपण नऊ तास विमानातून टमरेल वाहून आणलेलं असतं. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. त्यात मोजे छान भिजत पडतात. जपानला जाणार असाल तर तिथे एका कंपनीने १९८० सालापासून कमोडलाच कोमट पाण्याचा फवारा बसवून द्यायला सुरुवात केली आहे. तरीही टमरेल न्या. बटणांवर जपानीत लिहिलेलं असतं आणि कुठलं दाबल्यावर काय होईल ते बसल्या जागी कळत नाही.

आता बॅगेचं वजन. तेवीस किलो मिळतात. त्यात कपडे पाच किलो, बाकी खाऊ. परदेशात खायला मिळत नाही, हे ध्यानात घ्या. तिथले लोक कशावर जगतात हा त्यांचा प्रश्न आहे. चिवडा, भडंग, चकल्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, दशम्या, गूळ-तूप, आणि हे सगळं संपलं तर असावं म्हणून खाकरे.

इथे थोडी माहिती हवी. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. म्हणजे पेढे गेले, तूप गेलं. बेसनाचा लाडू तुपातला असला तरी तो मूळचा डाळीचा, तेव्हा त्याचं गोत्र कुठलं हा वाद कस्टमच्या काउंटरवर काढू नये. उलट नारळ, केळी, अननस आणि खजूर एवढी फळं मात्र कुठल्याही दाखल्याशिवाय चालतात. (ड्युरियनही चालतं, पण ते कोण नेणार?) थोडक्यात, ओटी भरायची जवळजवळ सोय युरोपने करून ठेवली आहे, फक्त खण-तांदूळ तुमचे. पण नारळ चालतो म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घालाल तर फसाल. विमान कंपन्यांच्या हिशेबी खोबरं हा आपणहून पेट घेऊ शकणारा माल आहे. ओला होता तोवर सज्जन, वाळला की स्फोटक. काही नातेवाइकांच्या बाबतीत मला हे आधीपासून माहीत होतं.

दुबईला भाचा असेल आणि दिवाळीच्या सुमाराला निघाला असाल तर अनारसे नेऊ नका. वरची खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते. नेलेच, तर पकडल्यावर भाच्याचं नाव सांगू नका, त्याला तिथे नोकरी करायची आहे. अमेरिकेत लेक बाळंतीण असेल तर ओला कढीपत्ता नेता येत नाही. त्या झाडावर राहणारी एक कीड तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावते. अधिकारी विचारतो, काही खाण्याचं आहे का? अनुभवी बायका ‘नो’ म्हणतात, कारण खाऊ म्हणजे खाणं नव्हे. हे तत्त्वज्ञान न्यूझीलंडमध्ये सांगायला गेलात तर जागेवर चारशे डॉलर दंड होतो. तिकडे ‘हो’ म्हणा. ‘हो’ म्हटलं की दंड होत नाही, फक्त चिवडा जातो.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा चालतो, त्या शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा विमा सक्तीचा असतो. मी ती पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचली. जप्त झालेल्या चिवड्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

लोणच्याला वेगळा परिच्छेद द्यायला हवा. केबिनमध्ये शंभर मिलीवर द्रव नेता येत नाही, आणि लोणच्यातला खार द्रव की घन हे ठरवायला मशीनपाशी उभा असलेला मुलगा तयार नसतो. तेव्हा लोणचं मोठ्या बॅगेत. आकाशात हवेचा दाब कमी झाला की बरणीतली हवा फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. हे शास्त्र मला नंतर कळलं. मी माझ्या परीने बरणीच्या तोंडाला प्लास्टिक, त्यावर रबरबँड, त्यावर दुसरं प्लास्टिक, मग वर्तमानपत्र, आणि सगळ्यात बाहेरून नवऱ्याचा पांढरा शर्ट असं बांधलं होतं. झुरिकला बॅग उघडली तेव्हा बरणी कोरडी ठणठणीत होती. शर्टाच्या पाठीवर मात्र खिशाएवढा पिवळा डाग, त्याच्या कडेने मोहरीच्या डाळीचे चार दाणे चिकटलेले, आणि हिंगाचा असा काही वास की विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशेजारच्या कुत्र्याने आमच्याकडे दोनदा वळून पाहिलं होतं ते का, ते तेव्हा उमगलं. बरणीभोवती नेहमी नवऱ्याचाच शर्ट गुंडाळावा. सुती असतो, तेल उत्तम शोषतो.

विजेची सामग्री. आपली तीन जाडजूड गोल पिनांची खुंटी तिकडच्या भिंतीत जात नाही, आणि स्वित्झर्लंडमधली भोकं तर शेजारच्या जर्मनीसारखीही नाहीत. प्रत्येकाने अ‍ॅडाप्टर घेण्यापेक्षा एक अ‍ॅडाप्टर आणि घरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड न्यावा. मग चार फोन, मावशीचं गरम पाण्याच्या पिशवीचं यंत्र आणि किटली, सगळं एकाच जागी लागतं आणि अंधारात सगळ्यांना एकाच जागी ठेच लागते. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवा, आणि शंभर वॅट-अवरच्या आतली असू द्या. वरचा आकडा पुसला गेला असेल तर काढून घेतात.

किटली म्हटली की खिचडी आलीच. हॉटेलची किटली पाणी उकळलं की आपली आपण बंद पडते. त्यामुळे मुगाची खिचडी शिजायला ती अकरा वेळा चालू करावी लागते. मी मोजलं आहे. तळाला थोडी लागते. पुढच्या पाहुण्याच्या कॉफीला जिऱ्याचा वास येत असेल, पण तो आपल्याला कुठे भेटणार आहे?

कालनिर्णय विसरू नका. आम्ही इंटरलाकेनला होतो आणि संकष्टी आली. मावशीचा उपास. जूनमध्ये तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेले तरी उजेड, चंद्राचा पत्ताच नाही. कालनिर्णयच्या पानामागे चंद्रोदयाच्या वेळा असतात, पण त्यात इंटरलाकेन काही सापडेना. मावशी मात्र आदल्या दिवशीच हिशेब करून बसली होती. पुण्यातला चंद्रोदय रात्री दहाच्या सुमाराला, आणि स्वित्झर्लंडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे. बरोबर संध्याकाळी साडेसहाला तिने कोथरूडला लेकीला व्हिडिओ कॉल लावला. “गच्चीवर जा आणि चंद्र दाखव गं.” लेक गच्चीवर गेली. पुण्यात पावसाळी ढग. फोनमध्ये शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी तेवढी दिसत होती. “वेळ झालीये ना? मग झालं,” म्हणून मावशीने त्या ढगांना फोनवरच अक्षता वाहिल्या, खुर्चीवर मांडलेल्या एवढ्याशा गणपतीपुढे उदबत्ती लावली, आणि तिसऱ्या मिनिटाला छतावरचा भोंगा वाजायला लागला.

हॉटेलचा माणूस धावत आला. त्याने काय पाहिलं असेल ते मी त्याच्या जागी उभं राहून बघायचा प्रयत्न केला. बाहेर उजेड, आत पडदे ओढलेले, खुर्चीवर देव, देवापुढे किटली, किटलीत भात, आणि काठापदराची साडी, त्यावर स्वेटर, डोक्याला माकडटोपी अशा अवतारातल्या एक बाई हात जोडून मोठ्याने आरती म्हणताहेत. मावशीने आरती थांबवली नाही. ती पूर्ण झाल्यावर त्याच्या हातावर साखर ठेवली. त्याने खाल्ली. सांगायचं तात्पर्य, उदबत्ती नेऊ नका. साखर न्या.

नायलॉनची दोरी आणि चिमटे. तिकडे चड्डी धुऊन देण्याचे जे पैसे घेतात त्यात इथे दोन नवीन येतात. आमच्या खोलीच्या गॅलरीसमोर थेट युंगफ्राउ, उंची ४,१५८ मीटर, बारमाही बर्फ. तिच्या आड कपडे येतील म्हणून दोरी बांधू नये, असं मला क्षणभर वाटलं होतं. मग विचार केला, ऊनही तिकडूनच येतंय. आमच्याकडे त्या शिखराचे अकरा फोटो आहेत. नऊ फोटोंत बनियन आहे.

त्याच डोंगराच्या खिंडीपर्यंत, ३,४५४ मीटरवर, आगगाडी जाते. सोळा वर्षं डोंगर पोखरून १९१२ मध्ये ती पुरी झाली. एवढ्या उंचीवर भडंगाचं पाकीट उशीसारखं टम्म फुगतं. आमच्या डब्यातल्या सगळ्यांनी खिडकीकडे पाठ करून त्या पाकिटाचे व्हिडिओ काढले. वर पोचल्यावर भारतीय जेवणही मिळतं, अगदी बुफे. तरी दशम्या न्याच. तिथला भात फ्रँकमध्ये असतो आणि एका फ्रँकचे शंभरहून जास्त रुपये होतात. हा गुणाकार तोंडपाठ करून जा. प्रत्येक घासाला मनात करत राहिलं की भूक आपोआप कमी होते.

पाणी घरून नेता येत नाही ही मोठीच अडचण. झुरिकमध्ये बाराशेहून जास्त कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं असतं म्हणे. पण ते फुकट. फुकटच्या पाण्यावर विश्वास कसा ठेवायचा? आम्ही दुकानातून विकत घेत होतो. जर्मनीत तर हायवेवर एक युरो मोजून बाथरूमला जावं लागतं. तिथे आत शिरताना एक युरोचं कुपन मिळतं आणि त्याच जागच्या दुकानात ते चालतं. आमच्या बसमधल्या एका काकांनी चार कुपनं जपून डोंबिवलीला आणली. पुन्हा जाऊ तेव्हा उपयोगी पडतील म्हणून.

औषधांचं काही सांगत नाही, प्रत्येकाच्या बॅगेत एक छोटं मेडिकल असतंच. सेफ्टी पिना, सुईदोरा, पिशवीत पिशवी, त्या पिशवीत पिशवी हेही तुम्हाला ठाऊक आहे.

शेवटची सूचना खोली सोडतानाची. पलंगाखाली, दारामागे आणि बाथरूममध्ये एकदा नजर टाका. आम्ही इंटरलाकेन सोडलं त्या सकाळी नवरा म्हणाला, “मी सगळं बघितलंय.” बस सुरू झाली, वळली, आणि खोल्या आवरणारी मुलगी हात हलवत मागून धावत आली. ड्रायव्हरने दार उघडलं. ती वर चढली आणि दोन्ही हातांत धरलेली हॉटेलची पांढरी पिशवी उघडून तिने आमचं निळं टमरेल बाहेर काढलं. स्वच्छ पुसलेलं होतं. तिला बिचारीला त्या वस्तूचं नाव माहीत नव्हतं. ती नुसती उंच धरून खोलीचा नंबर सांगत राहिली. “टू वन फोर? टू वन फोर?”

बसमधल्या प्रत्येकाला त्या वस्तूचं नाव माहीत होतं. कुणीही बोललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीला नाक लावून आल्प्स बघत होता. सहा दिवसांत पहिल्यांदाच.