पाचिरिसू गोड होता म्हणून जिंकला नाही

दर काही महिन्यांनी माझ्या फीडवर पाचिरिसू नावाच्या पोकेमॉनचा तोच फोटो फिरत येतो. खालचा मजकूरही ठरलेला. सगळ्या जगाने ज्याला हसण्यावारी नेलं त्यानेच विश्वविजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा मनाचं ऐका, आवडेल तो पोकेमॉन खेळा. त्यावर बदामांचा पाऊस. मला या पोस्टचा भयंकर राग येतो आणि तो का येतो ते आज सविस्तर लिहितोच. पोकेमॉन म्हणजे कार्टून नेटवर्कवरचा पिकाचू एवढीच ओळख असलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, लागेल तिथे समजावून सांगतो.

ऑगस्ट २०१४, वॉशिंग्टन डी.सी. पोकेमॉन व्हिडिओ गेमच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने मास्टर्स गटाचं विजेतेपद घेतलं. त्याच्या सहांत गार्चॉम्प, टॅलनफ्लेम, ग्यॅराडॉस, गार्डव्हॉर, गॉथिटेल ही तगडी मंडळी होती. आणि सहावा पाचिरिसू, पांढरी-निळी इलेक्ट्रिक खार. (इलेक्ट्रिक हा तिचा टाइप, म्हणजे प्रकार. कोणता वार किती लागेल ते त्यावर ठरतं.) प्रत्येक पोकेमॉनच्या मूळ गुणांची बेरीज असते. गार्चॉम्पची ६००, पाचिरिसूची ४०५. हल्ल्याचे दोन्ही आकडे ४५-४५. कागदावर बघितलं तर हा घरी बसवायचा गडी.

आता तो करत काय होता ते बघा. ही स्पर्धा डबल्सची असते. सहा घेऊन जायचे, त्यांतले चार उतरवायचे आणि मैदानात एका वेळी दोन विरुद्ध दोन. शेजारी कोणीतरी उभं असतं, त्यामुळे स्वतः न मारताही उपयोगी पडता येतं. पाचिरिसूच्या चार चाली होत्या : फॉलो मी, नझल, सुपर फँग, प्रोटेक्ट. फॉलो मी म्हणजे समोरच्यांचे एकेकट्यावर रोखलेले वार स्वतःवर ओढून घेणं. नझलने प्रतिस्पर्ध्याला हमखास लकवा होतो आणि त्या पिढीच्या, म्हणजे त्या वेळच्या गेम्सच्या, नियमांत लकव्याने वेग थेट पावपट व्हायचा. सुपर फँग समोरच्याची उरलेली ताकद निम्मी करतं, मग चावणारा कितीही किरकोळ असो.

या चारांपैकी एकाही चालीला पाचिरिसूचा हल्ल्याचा आकडा लागत नाही. नझलची जी थोडीफार इजा होते तेवढी सोडा, तिच्यासाठी ती चाल कोणी ठेवत नाही. त्याचे ४५ म्हणजे लाज वाटावी असा आकडा, पण तो कधी वापरलाच जाणार नव्हता. मग वाटायला मिळालेले सगळे गुण कुठे घालायचे? सरळ जीव आणि बचावात. दोन्हीकडे २५२-२५२, स्वभाव इम्पिश, म्हणजे बचाव आणखी वाढवणारा. लेव्हल ५० ला जीव होतो १६७ आणि बचाव १३४. या आकड्यांवर तो गार्चॉम्पचा अर्थक्वेक, जो इलेक्ट्रिकवाल्याला दुप्पट लागतो, तोही पचवतो. अट एकच, गार्चॉम्पच्या हातात ताकद वाढवणारी वस्तू नसावी. (डबल्समध्ये सगळ्यांना लागणाऱ्या वारांची ताकद पाऊणपट होते, त्याचा हा फायदा.) वर हातात सायट्रस बेरी. निम्म्याखाली गेला की पाव जीव परत.

पण खरी मेख पुढे आहे. वार अंगावर ओढून घ्यायला त्या वर्षी सगळ्यांचा लाडका होता अमूंगस, तो मशरूमवाला. त्याची रेज पावडर ही भुकटीची चाल. त्याच पिढीपासून नियम बदलला आणि ग्रास टाइपवाल्यांवर आणि सेफ्टी गॉगल्स घातलेल्यांवर भुकटी चालेनाशी झाली. वर त्या काळी टॅलनफ्लेम बोकाळला होता. त्याचे फ्लाइंगचे वार सगळ्यांच्या आधी पडायचे, आणि अमूंगसला फ्लाइंग दुप्पट लागतं. पाचिरिसूला तेच निम्मं. फॉलो मीला गॉगल्सची आडकाठी नाही. शिवाय त्याची क्षमता व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब : इलेक्ट्रिक वार झाला की इजा शून्य आणि वर पाव जीव भरून निघतो. म्हणजे ग्यॅराडॉसवर, ज्याला मेगा व्हायच्या (म्हणजे लढतीतच रूप बदलून बलवान व्हायच्या) आधी वीज चौपट लागते, कोणी थंडरबोल्ट सोडला तर तो पाचिरिसूच्या पोटात, आणि पाचिरिसू आणखी ताजातवाना.

याला मनाचं ऐकणं म्हणत नाहीत. टीमला नेमकं कोणतं भोक पडलंय ते बघून त्या मापाची बूच शोधणं म्हणतात. ती बूच दिसायला गोंडस निघाली, एवढंच.

दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकेच्या वुल्फ ग्लिकने विजेतेपद घेतलं. त्या वर्षी नियमांनी दोन-दोन बलाढ्य लेजेंडरी आणायला परवानगी होती. वुल्फच्या टीममध्ये कायोग्रे आणि रेक्वाझा होते, आणि त्यांच्या पंगतीला रायचू, हिटमॉनटॉप, ब्राँझाँग असली साधी माणसं. (माणसं म्हणालो, राहू दे.) लाइटनिंग रॉडवाला रायचू शेजारी असला की वीज त्याच्याकडे खेचली जाते, आणि पाण्यातल्या कायोग्रेला विजेचीच भीती. पाचिरिसू-ग्यॅराडॉसशी हिशोब किती जुळतो बघा.

२०१४ च्या त्या स्पर्धेनंतर मला ऑनलाइन भेटलेले बहुतेक पाचिरिसू थंडरबोल्ट घेऊन यायचे. ज्या आकड्याला हात लावायचा नाही हेच त्या टीमचं मर्म, नेमका तोच आकडा कामाला लावायचा. बाकीचे पाचही आवडीचे. एक तर आठवतो, सहाच्या सहा गोड. अशांना हरवताना वाईट वाटायचं, पण हरवायचोच.

दुसऱ्या टोकाचे लोकही तितकेच डोकं फिरवतात. स्मोगॉन या पोकेमॉन खेळणाऱ्यांच्या वेबसाइटवरच्या याद्यांत नाव खालच्या गटात दिसलं की हे त्याला कचरा ठरवून मोकळे. त्या याद्यांचा निकष असतो वापर. वरच्या गटात राहायला सध्या सुमारे ४.५२ टक्के वापर लागतो, म्हणजे साधारण १५ लढतींत तो एकदा तरी दिसण्याची शक्यता निम्मी. त्यातून लोक काय खेळतात ते कळतं. तुमच्या टीमला काय कमी पडतंय ते कळत नाही. आणि त्या मुख्य याद्या सिंगल्सच्या! डबल्समधली चर्चा त्या यादीवर करणं म्हणजे आनंदच आहे.

हे सगळं सुचायचं कारण माझा भाचा. आपल्याकडे निन्टेन्डोची यंत्रं घ्यायची म्हणजे बाहेरून मागवा नाहीतर जास्त पैसे मोजा, त्यामुळे तो पोकेमॉन शोडाउनवर खेळतो. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, जुन्या पिढ्यांचे नियमही खेळता येतात. परवा आला आणि म्हणाला, “मामा, शकलवर टीम बांधू. डिफेन्स २३० आहे त्याचा! दोन्ही डिफेन्स २३०!”

“आणि एचपी?”

“वीस.”

“मग?”

“मग तू सांग ना. तू मामा आहेस.”

शकल हे कवचातलं किडुकमिडुक प्रकरण आहे. दोन्ही बचाव अफाट, जीव २०, हल्ला १०, वेग ५. सगळे त्याला उभं करतात आणि तो तिथे उभाच राहतो. समोरचा त्याच्याकडे दुर्लक्ष करून शेजारच्याला मारतो. २३० चा आकडा कोणाच्याच कामी येत नाही. पण त्याच्याकडे गार्ड स्प्लिट नावाची चाल आहे. तिने स्वतःचा आणि दुसऱ्या एकाचा बचाव एकत्र करून निम्मा-निम्मा वाटून घेता येतो. हा दुसरा कोणीही चालतो, शत्रूच हवा असं नाही. शेजारचा दोस्तही चालतो.

आम्ही आठव्या पिढीचं डबल्स घेतलं. भाच्याला कार्टाना आवडतो. कागदाच्या घडीसारखा दिसणारा, मारायला वाघ, पण त्याचा स्पेशल डिफेन्स ३१. लेव्हल १०० ला काही न घालता ९८ होतो. शकलचा काही न घालता ४९६. वाटणी केली की दोघांचे २९७. म्हणजे कार्टानाला आगीचे वार आता एक तृतीयांशच लागणार. भाचा उडालाच.

आणि पहिल्याच पाळीत समोरच्याच्या इन्सिनरोरने शकलला फेक आउट मारला. फेक आउट मैदानात उतरल्यावर पहिल्याच पाळीला चालतो, इतर जवळपास सगळ्या चालींच्या आधी पडतो, आणि ज्याला बसतो तो दचकून त्या पाळीला काहीच करत नाही. गार्ड स्प्लिट गेलं बोंबलत. दुसऱ्या वारात कार्टाना जळून गेला. पुढची लढत, पुन्हा तेच.

खरी टीमबांधणी इथून सुरू होते, आणि बहुतेक लोक नेमके इथेच सोडून देतात. आवडता पोकेमॉन ठेवला, त्याला काय मारतं तेही कळलं, आता ते कसं थांबवायचं? उत्तर निघालं टापू लेले. (हो, लेलेच. यावर करायचे ते सगळे विनोद भाच्याने करून झालेत.) लेले मैदानात आली की सायकिक टेरेन पसरतं, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या आपल्या माणसांवर शत्रूची आधी पडणारी कुठलीच चाल लागत नाही. फेक आउट बंद. प्रँकस्टरवाल्यांचा (ज्यांच्या न मारणाऱ्या चाली आधी पडतात त्यांचा) टाँटही बंद, म्हणजे चिडवून गार्ड स्प्लिटसारख्या चाली अडवणंही बंद. मग बघता बघता लक्षात आलं की वाटणी कार्टानाबरोबर करायचं कारणच उरलं नाही. लेलेचा बचाव काही न घालता १८६. शकलमध्ये बचावाचे सगळे गुण आणि योग्य स्वभाव घातला तर ६१४. वाटणी केली, दोघांचे ४००. लेले मुळात मारकी, आता ती मारही सोसते. कार्टाना बाहेर. भाचा दोन मिनिटं रुसला.

मग आला रिलाबूम. तो उतरताना ग्रासी टेरेन पसरवतो, आणि दोघं एकदम उतरले तर ज्याचा वेग कमी त्याचं टेरेन शेवटी पसरतं आणि टिकतं. लेलेचा मूळ वेग ९५, रिलाबूमचा ८५. म्हणजे त्याचं टेरेन राहणार, आमचं पुसणार, आणि वर फेक आउटही तोच घेऊन येतो. भाच्याने इथे जे सुचवलं त्यावर मी खूश झालो. “लेलेला हळू करू.” वेग कमी करणारा स्वभाव, वेगाचा जन्मजात आकडा शून्य, लेले आली १७५ वर. रिलाबूमने वेगात काही घातलं नाही तरी तो २०६. आता शेवटचं टेरेन आमचं.

पण हळू झालेली लेले सगळ्यांच्या मागून मारणार. मग ट्रिक रूम. पाच पाळ्या मंद आधी, वेगवान नंतर. लावायला पोरिगॉन-टू, आणि लेले शेजारी असल्याने त्यालाही फेक आउट लागत नाही. ज्या शकलचा वेग ५ म्हणून हसत होतो तो आता सगळ्यात आधी चालतो. लेले आणि शकल दोघांनाही स्टीलचे वार दुप्पट लागतात, म्हणून ते वार सहज सोसणारा हीटरान. एकेकट्यावरचे वार ओढायला, आणि मंद म्हणूनही, अमूंगस. तोच मघाचा. पाचिरिसूने ज्याची जागा घेतली तोच इथे हवा होता, कारण इथलं भोक वेगळं आहे.

टीमकडे आता बघितलं तर शकल सोडून सगळे ओळखीचे, सिद्ध झालेले गडी आहेत. भाच्याची हीच तक्रार आहे. “मामा, ही शकलची टीम वाटतच नाही.” मला विचाराल तर हे नीट झाल्याचं लक्षण आहे. कमी लेखलेल्या एकाला खेळवायचं असेल तर बाकीचे पाच चोख हवेत, त्याची उणीव पोसायची ऐपत त्यांच्यात हवी. सेजुन पार्कच्या उरलेल्या पाचांवर एक नजर टाका, एकही दयेपोटी घेतलेला नाही. आवडीचे सहाच्या सहा घेऊन जिंकायचं असेल तर जरूर खेळा, फक्त त्यात पाचिरिसूला ओढू नका.

ही टीम सारखी जिंकते का? नाही. समोरच्याने लेले-पोरिगॉन बघून पहिल्या पाळीतच दोघं मिळून पोरिगॉनला झोडलं तर ट्रिक रूम लागायच्या आत खेळ आटपतो. समोरचाही ट्रिक रूम घेऊन आला तर आमची खोली तो उलटी करून टाकतो, मग दोघंही एकमेकांच्या खोल्या उघडत-मिटत बसतो आणि भाचा हसून लोळतो. पण जिथे चालते तिथे समोरच्याला शकल नेमका कशासाठी आलाय हे कळेपर्यंत लेलेचा बचाव दुप्पट झालेला असतो. प्रतिस्पर्ध्याने ज्याच्यासाठी कधी तयारीच केली नाही त्याचा हा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. फक्त तो तेवढ्या एका पाळीपुरता असतो. पुढची लढत आकड्यांवरच होते.

सहावी जागा अजून रिकामी आहे. रिलाबूमवर आग ओकणारा दुसरा कोणी घ्यावा की ट्रिक रूम लावणारा आणखी एक, यावर घरात दोन तट पडलेत. भाचा टोरकोलच्या बाजूने आहे, मी हॅटरीनच्या. कमेंटमध्ये सुचवा, कारणासकट सुचवा. आणि कोणी “पाचिरिसू घ्या ना” लिहिलंच, तर तो कोणतं भोक बुजवणार तेवढं सोबत लिहा.