अगाथा ख्रिस्तीचे ते अकरा दिवस

माझी भाची नववीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत 'माझी आवडती लेखिका' या विषयावर बोलायला तिने रहस्यकथा लिहिणारी इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती निवडली, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. परवा तिने भाषण वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, "पुस्तकं खपावीत म्हणून गायब होण्याचं नाटक करून अख्ख्या इंग्लंडला फसवणारी ही हुशार बाई..." मी तिला तिथेच थांबवलं. हे कुठून आणलंस, असं विचारलं तर म्हणाली, "आत्या, आपल्या घरच्या ग्रुपवरच तर आलंय. सगळ्यांनी अंगठे दिलेत."

मग तो फॉरवर्ड मीही वाचला. त्यात पाच दावे आहेत. १९२६ साली तिचं अकरा दिवस बेपत्ता होणं ही जाहिरातबाजी होती. तिच्या पुस्तकांनी खुन्यांना विषप्रयोग शिकवले. ती शाळेत गेलीच नाही आणि तिला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. 'पुरातत्त्वज्ञ नवरा सर्वात उत्तम, बायको जितकी जुनी होईल तितका त्याला तिच्यात रस वाढतो' हे वाक्य तिचं. आणि तिचं 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ पासून एकही दिवस न थांबता चालू आहे.

पहिल्या दाव्याचा मला खरोखर संताप आला. त्या वर्षी काय काय झालं ते क्रमाने बघा. एप्रिलमध्ये तिची आई गेली. इंग्लंडमधल्या टॉर्की या गावचं माहेरचं घर सामानाने गच्च भरलेलं होतं. ते आवरायला ती एकटीच तिथे राहिली. सोबत होती ती सहा वर्षांची मुलगी, नवरा लंडनमध्ये. ऑगस्टमध्ये त्याने सांगितलं की माझं दुसऱ्या बाईवर प्रेम आहे, मला घटस्फोट हवा. ३ डिसेंबरच्या रात्री ती सनिंगडेलच्या घरातून गाडी घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी गिल्डफर्डजवळ गाडी सापडली. ऐन थंडीत फरचा कोट गाडीतच राहिला होता. १४ तारखेला ती यॉर्कशायरमधल्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली.

जाहिरातच करायची होती, तर जाताना दिराला पत्र कशाला टाकलं असतं? यॉर्कशायरमध्ये उपचारांसाठी जाते आहे, असं तिने त्याला कळवलं होतं. शिवाय तिला जाहिरातीची गरज नव्हती. त्याच वर्षी आलेल्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' या तिच्या कादंबरीची चर्चा आधीच सगळीकडे होती.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो तिच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग. त्या अकरा दिवसांबद्दल या पुस्तकात एक अक्षर नाही, पण त्याआधीच्या उन्हाळ्याबद्दल आहे. माहेरचं घर आवरत असतानाचे ते दिवस. एकदा चेकवर सही करायला पेन टेकवलं आणि तिला स्वतःचं नाव आठवेना. शेवटी तिने लिहिलं ते एका जुन्या कादंबरीतल्या पात्राचं नाव. दुसऱ्या एका दिवशी गाडी सुरू होत नाही एवढ्यावरून तिला रडू कोसळलं. आई गेल्यावर आपल्या घरातली एखादी बाई अशी वागली असती, तर तिला आपण नाटकी म्हटलं असतं का? पुढे ती असंही लिहिते की वार्ताहरांची आणि गर्दीची घृणा आपल्याला तेव्हापासून बसली.

एक मान्य करावं लागेल. हॉटेलात तिने 'मिसेस नील' असं नाव लिहिलं होतं आणि नील हे त्या दुसऱ्या बाईचं आडनाव. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला, पण चरित्रकारांचं त्यावर आजही एकमत नाही. पुस्तकांचा खपही नंतर वाढला. पण खप वाढला म्हणून ती खप वाढवायला गेली होती, हा कुठला न्याय?

विषांबद्दल. पहिल्या महायुद्धात तिने टॉर्कीच्या इस्पितळात आधी रुग्णसेवा केली, मग तिथल्या औषधखोलीत काम केलं आणि १९१७ साली औषधनिर्मितीची परीक्षा दिली. तिला शिकवणाऱ्या एका अनुभवी औषधविक्रेत्याने एकदा सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायच्या औषधी वड्या) बनवताना दशांशचिन्ह चुकवलं. मात्रा दहापट झाली. ही नवशिकी पोरगी त्याला तोंडावर सांगणार कशी? तिने अडखळल्याचं सोंग केलं, ट्रे पाडला आणि त्या वड्या पायाखाली पार चिरडल्या. दुसऱ्याच्या जिवाची एवढी काळजी असलेली ही बाई. १९७७ साली कतारहून लंडनला आणलेल्या एका बाळाचा आजार डॉक्टरांना उमगत नव्हता. तिथली नर्स तेव्हा अगाथाची 'द पेल हॉर्स' ही कादंबरी वाचत होती. बाळाची लक्षणं कादंबरीतल्या विषबाधेशी जुळतात हे त्या नर्सच्या ध्यानात आलं, थॅलियम या विषारी धातूची बाधा निघाली आणि बाळ वाचलं. हे फॉरवर्डमध्ये का नाही?

शाळेचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. ती बहुतेक घरीच शिकली, थोडे दिवस टॉर्कीत आणि मग पॅरिसमध्ये शाळेत गेली. स्पेलिंग कच्चं होतं हे तिनेच सांगितलंय. पण वाचायला ती पाचव्या वर्षाच्या आतबाहेर स्वतःच शिकली, तेही आठ वर्षांपर्यंत मुलांना वाचायला शिकवू नये असं आईचं मत असताना.

पुरातत्त्वज्ञाचं ते वाक्य आपलं नाही, असं तिने स्वतःच सांगितलं होतं. दुसरा नवरा मॅक्स मॅलोवन उत्खनन करायचा म्हणून कुणीतरी ते तिच्या नावावर खपवलं. इराकमध्ये निमरूदच्या उत्खननात निघालेले हस्तिदंती तुकडे मात्र ती विणकामाच्या सुईने आणि चेहऱ्याच्या क्रीमने साफ करायची, हे खरं.

'माउसट्रॅप' मार्च २०२० मध्ये करोनामुळे बंद पडलं आणि मे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. तरीही इतकं चाललेलं दुसरं नाटक नाही. खोटं घालायची गरजच नव्हती.

हे सगळं मी ग्रुपवरही टाकलंय. भाचीने पहिला परिच्छेद खोडला. आता भाषण सुरू होतं ते त्या पाडलेल्या ट्रेपासून.